ज्याचं त्याचं वाक्य

इंग्रज गेला तेव्हा भय्यासाहेबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आणि नऊ वर्षांनी त्यांच्या घरात इंग्रजी शिरली, म्हणून आज बाफले होणार होते. ही गोष्ट त्यांना सकाळपासून डाचत होती.

परसात गोवऱ्या धुमसत होत्या, पाण्यात उकडून काढलेले कणकेच्या गोळ्यांचे बाफले त्यांच्या आत खरपूस होत होते. ओसरीवर भैरवगढची छापील जाजम पसरली होती आणि तिच्या मधोमध श्रीकांत, त्यांचा धाकटा मुलगा, नवऱ्यामुलासारखा हार घालून बसला होता. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत तो पास झाला होता. जो भेटेल तो त्याची पाठ थोपटत होता.

"राज्य आपलं, माणसं आपली आणि शेरा मात्र इंग्रजीत!" भय्यासाहेब कोणालाही न विचारता पुन्हा म्हणाले. "मग गेला तो कोण गेला?"

त्यांनी उभा जन्म ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत काढला होता. सुभ्याच्या कचेरीत हिंदीत निकाल लिहिले, जुने मोडी कागद वाचून भल्याभल्यांचे तंटे मिटवले, आणि इंग्रजीवाचून त्यांचं कधी काही अडलं नाही. संस्थान गेलं, मध्यभारत आला. ते त्यांनी गिळलं. आता मध्यभारतही जाणार होता. पहिल्या नोव्हेंबरपासून राजधानी भोपाळ, आणि वर जबलपूर-नागपूरकडचे साहेब. त्यांचा सगळा व्यवहार इंग्रजीत, म्हणून इकडच्या कारकुनांनी इंग्रजीत बोलून दाखवायचं. ज्याला जमणार नाही त्याला खालची जागा.

पण भय्यासाहेबांचा आजचा राग नुसता राज्यकर्त्यांवरचा नव्हता. आत आणखी एक काटा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने टोचून घेतला होता.

चैत्रात ह्या परीक्षेचं कळलं तेव्हा कचेरीत कारकून असलेल्या श्रीकांतला शिकवायचं कोणी, असा प्रश्न होता. थोरला प्रभाकर वकील. त्याला इंग्रजी येत होतं, पण फुरसत नव्हती. तेव्हा धाकटी सून दुर्गा पुढे आली. ती जबलपूरची, वडील इंग्रजीचे मास्तर, स्वतः इंटर झालेली. तिने शिकवायची तयारी दाखवली आणि मान खाली घालून एकच मागणं मागितलं. मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंची जागा निघणार होती. हे पास झाले तर मला तिथे जाऊ द्याल?

भय्यासाहेब मोठ्याने हसले होते. श्रीकांत मॅट्रिकला इंग्रजीतच दोनदा आपटलेला. "तो इंग्रजीत पास झाला तर तू खुशाल शाळेत जा," ते म्हणाले होते. "देवासमोर सांगतो."

आणि तो गाढव पास झाला होता. शाळेच्या कमिटीवरचे दत्तूमामा, म्हणजे त्यांच्या बायकोचे, अनसूयाबाईंचे थोरले भाऊ, आज जेवायला यायचे होते. जेवून उठताना ते उत्तर मागणार, हे भय्यासाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

*

दुर्गा निखाऱ्यातून बाफले काढून फडक्यावर झटकत होती. राख तिच्या केसांपर्यंत उडाली होती, आणि ओसरीवरून प्रभाकरचा आवाज येत होता.

"मीच त्याला म्हटलं, श्री, डरायचं नाही. माझी डिक्शनरी दिली त्याला. टावर चौकात माझ्या ऑफिसात येऊन बसायचा ना, दोन गोष्टी कानावर पडायच्याच."

"एकदाही गेले नाहीत हे तिथे," दुर्गा पुटपुटली.

शेजारी डाळ घोटणारी तिची जाऊ प्रतिभा, प्रभाकरची बायको, खुदकन हसली. "ब्लोज हिज ओन ट्रम्पेट," ती हळूच म्हणाली. हे वाक्य तिनेच सुचवलेलं. स्वतःच्या नवऱ्यावरचं.

खरं तर हे सगळं ह्याच चुलीपाशी झालं होतं. व्याकरण श्रीकांतच्या डोक्यात शिरत नव्हतं. काळ शिकवला की कर्ता निसटायचा, कर्ता धरला की काळ. दुर्गाने पुस्तक मिटलं आणि भाजी निवडताना, दूध तापवताना त्याच्याशी इंग्रजी बोलायला लागली. शब्द हळूहळू बसले. पण साहेब लोक जे खास वाक्प्रचार बोलण्यात पेरतात ते काही केल्या राहीनात. बीट अबाउट द बुश, म्हणजे मुद्द्यावर न येता इकडचं तिकडचं बोलत राहणं, हे तिने हरतऱ्हेने समजावलं. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोरा. शेवटी वैतागून ती म्हणाली, "अहो, आपल्या माणिकआत्या करतात तसं!" श्रीकांत इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि ते वाक्य त्याला जन्माचं पाठ झालं.

मग काय, घर हेच पुस्तक झालं. ज्याला त्याला एकेक वाक्य मिळालं. श्रीकांतची जीभ सुटली, त्याची भीती गेली. दुर्गाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे चुलीपाशीचं बोलणं, चुलीपाशीच राहील असं ती धरून चालली होती.

आज सकाळी तिने सासऱ्यांना नमस्कार करताना शाळेचा विषय काढला होता. "दिवाळीनंतर बघू," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. दिवाळीनंतर शाळा उघडेपर्यंत जागा भरून जाणार होती. दिवाळीनंतर बघू म्हणजे काय ते तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे! चैत्रापासून राबली ती, हार श्रीकांतला, श्रेय डिक्शनरीला, आणि तिच्या वाट्याला राख. तिला इतका संताप आला होता की फडक्यावरचा बाफला तिने जरा जोरातच आपटला.

"सांभाळून ग," प्रतिभा म्हणाली. "मामा आहेत ना तुझ्या बाजूने. मी पण आहे."

*

माणिकआत्या म्हणजे भय्यासाहेबांची विधवा बहीण. पलीकडच्याच रस्त्यावर मुलाकडे राहायची आणि भावाच्या घरचं एकही जेवण चुकवायची नाही. वयाचा मान म्हणून ती पुरुषांच्याच पंगतीला बसायची. समोर तुपात बुडवून फोडलेला बाफला, त्यावर डाळ, बाजूला लसणाची चटणी. तिचं सगळं लक्ष ताटात होतं. दत्तूमामांनी श्रीकांतला छेडलं तेव्हा तिने मान वरही केली नाही.

"काय साहेब, आम्हाला पण ऐकवा की थोडं," दत्तूमामा म्हणाले. "परीक्षेत काय काय विचारलं?"

"वाक्प्रचार विचारले, मामा. वाक्यात उपयोग करून सांगा म्हणाले." श्रीकांत हारासकट ताठ बसला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकायला थांबले होते.

"बीट अबाउट द बुश, सांग बघू."

"माणिकआत्या बीट्स अबाउट द बुश," श्रीकांत खणखणीत आवाजात म्हणाला. "शी वॉन्ट्स अवर कॉपर बंब, बट शी आस्क्स अबाउट आईज नीज."

दत्तूमामांच्या हातातला घास तसाच राहिला. दुर्गा तुपाचं भांडं घेऊन दारात थबकली.

माणिकआत्याला इंग्रजीचा गंध नव्हता. पण आपलं नाव आणि बंब, दोन्ही तिला नीट ऐकू आलं होतं. "काय बोलला रे हा? प्रभाकर, सांग मला."

प्रभाकरला उकळ्या फुटत होत्या. "आत्या, तो म्हणतोय की तुला आमचा तांब्याचा बंब पाहिजे आहे, पण तू विचारतेस आईच्या गुडघ्यांबद्दल. सरळ मुद्द्यावर येत नाहीस."

आत्याच्या कानशिलांपर्यंत आग गेली. बंब तिला हवा होता, हे खरं. गेल्या थंडीपासून ती तो मागणार होती. पण मागायचा कसा? विधवा बाई, सुनेच्या हाताखाली राहणारी, भावाच्या दारात येऊन लगेच मागू लागली तर भिकारीण दिसली असती. म्हणून आधी चार गोष्टी विचारायच्या. आणि गुडघ्यांचं विचारलं ते काय खोटं विचारलं होतं? अनसूयाचे गुडघे दुखत नव्हते का?

"हे शिकवलं तुला?" ती म्हणाली. "माझी थट्टा करायला?"

"थट्टा नाही, आत्या, उदाहरण!" श्रीकांत गडबडला. जरा गप्प बसावं एवढी अक्कल त्याला असती तर! पण त्याला वाटलं, एकटी आत्याच निवडली म्हणून ती रागावली आहे. "सगळ्यांची आहेत. भय्यासाहेब मेक्स अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल. देअर इज नो सॉल्ट इन द आमटी, अँड ही शाउट्स फॉर टू डेज."

"राईचा पर्वत!" प्रभाकर ओरडला, आणि मग वडिलांचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "म्हणजे, भय्यासाहेब, आमटीत मीठ नसलं की तुम्ही दोन दिवस..."

"मला कळलं," भय्यासाहेब म्हणाले. त्यांना अजिबात कळलं नव्हतं, पण आमटी कळली होती.

"आणि प्रभाकरदादा ब्लोज हिज ओन ट्रम्पेट."

ह्याचं भाषांतर कोणी केलं नाही. प्रभाकर एकदम ताटाकडे बघू लागला.

"आता का रे दातखीळ बसली?" माणिकआत्या त्याच्यावर उलटली. "माझं तर फार मजेत सांगितलंस. तुझं काय म्हणाला तो?"

"काही नाही, फालतू आहे."

"दादा स्वतःची टिमकी वाजवतो, असं म्हणाला," दत्तूमामांनी सांगितलं. ते एवढे प्रामाणिक नसते तर बरं झालं असतं.

"हे वाक्य कोणाचं?" प्रभाकरचा आवाज चढला. "श्रीच्या डोक्यातून हे येणं शक्य नाही. कोणी शिकवलं?"

दुर्गाने प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभाने वाटीत डाळ वाढायला घेतली आणि वाटी भरून ओसंडली तरी ती वाढतच राहिली.

"मी शिकवलं," दुर्गा म्हणाली.

भय्यासाहेबांनी ताटावरून हात काढला. "परीक्षेत काय सांगितलंस, श्रीकांत? तिथे दुसरी उदाहरणं दिली असशील."

श्रीकांत गळ्यातला हार सारखा करू लागला.

"मी काय विचारतोय?"

"हीच दिली," तो म्हणाला. "दुसरी येत नाहीत मला. साहेब फार हसले. आणखी आहेत का म्हणाले. मग तुमचं सांगितलं."

"माझं नाव? कचेरीत?" भय्यासाहेब उभे राहिले. "ज्या कचेरीत मी गेलो की शिपायापासून सगळे उठून उभे राहायचे, तिथे जबलपूरचा कोणी उपटसुंभ माझ्या आमटीला हसला? आणि ते ह्या घरातल्या सुनेने घडवून आणलं?"

*

अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून असल्या वेळी त्या तिथेच उभ्या राहत. नवऱ्याचा आवाज चढला की आधी पाण्याचा तांब्या भरायचा आणि आवाज उतरला की पुढे करायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. आताही तांब्या त्यांच्या हातात होता.

"दत्तोपंत," भय्यासाहेब म्हणाले, "तुम्ही विचारणारच होता, तर ऐका. ही शाळेत जाणार नाही. घरात शिकवलं तर घराची ही शोभा केली. उद्या वर्गात बसून आमच्या घरातल्या कुठल्या कुठल्या माणसाची धिंड काढेल!"

"बरोबर आहे," प्रभाकर म्हणाला.

"एकदम बरोबर," माणिकआत्या म्हणाली. ह्या भावा-भाच्याशी तिचं एरवी एकाही गोष्टीत जमत नसे. आज ती तिघं एका बाजूला झाली.

दुर्गाने तुपाचं भांडं खाली ठेवलं. "आत्याबाई, तुम्हाला लागलं असेल तर माझं चुकलं. मी पाया पडते तुमच्या. पण भय्यासाहेब, तुम्ही देवासमोर सांगितलं होतं. हे पास झाले तर मी जायचं. पास झाले ना? का नाही झाले?"

"वर तोंड करून बोलू नको."

"खाली तोंड करूनच मागितलं होतं मी, तेव्हा तुम्ही हसलात! तुम्हाला वाटलं हे पास होणारच नाहीत, म्हणून देवाला मधे घातलंत." तिचा आवाज कापत होता. रागाने, रडण्याने नव्हे. "कोणी शिकवणार होतं ह्यांना? भाऊजींना फुरसत नव्हती. सगळ्यांनी हात वर केले. मी शिकवलं, जसं जमलं तसं शिकवलं, आणि ह्यांची जागा राहिली. आज ओसरीवर हार आहे, बाफले आहेत, डिक्शनरीचं कौतुक आहे. माझं नाव निघालं ते फक्त गुन्हेगार म्हणून!"

तिने श्रीकांतकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आता हा बोलेल, अनसूयाबाईंना वाटलं. एक वाक्य बोलला तरी पुरे. श्रीकांत हाराचं फूल कुस्करत बसला होता. "भय्यासाहेब मोठे आहेत," तो शेवटी म्हणाला. "तुझं पण खरं आहे. बघू ना, थोडं शांत झाल्यावर."

दुर्गा सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "श्रीकांत सिट्स ऑन द फेन्स," ती म्हणाली.

सासऱ्यांच्या, थोरल्या दिरांच्या देखत तिने नवऱ्याचं नाव घेतलं होतं. उखाण्यात नव्हे, असंच, तोंडावर. माणिकआत्याने कपाळाला हात लावला. वाक्याचा अर्थ कोणी विचारला नाही, कारण श्रीकांतची मान ज्या तऱ्हेने खाली गेली त्यावरून तो सगळ्यांना समजला.

"बघितलंत, दत्तोपंत?" भय्यासाहेब म्हणाले. "आता काही शिल्लक आहे का? अनसूया, पाणी."

अनसूयाबाईंनी तांब्या पुढे केला नाही. "माझं कोणतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ज्याचं त्याचं वाक्य आहे म्हणाला ना श्री. माझं कोणतं आहे?"

श्रीकांत आणखी खाली बघू लागला. दुर्गाचा राग एकदम ओसरला. "जाऊ द्या ना, सासूबाई."

"आत्याचं सांगितलं, ह्यांचं सांगितलं. मी काय पाप केलं आहे? सांग."

"आई बाइट्स हर टंग," श्रीकांत ऐकू येईल न येईल असं म्हणाला. मग त्यालाच भाषांतर करावं लागलं. "म्हणजे... तोंडापर्यंत आलेलं आई गिळून टाकते. बोलत नाही."

अनसूयाबाईंनी ते ऐकून घेतलं. त्यांना राग आला. आधी सुनेचा आला, की आपलं झाकलेलं हिने बघितलं आणि वर त्याचा धडा केला. मग त्यांना आपली नंदा आठवली. देवासला दिलेली त्यांची मुलगी. सातवीत पहिली आली त्या वर्षी भय्यासाहेबांनी तिला शाळेतून काढली, आणि नंदा ह्याच उंबऱ्याशी येऊन त्यांच्या पदराला धरून म्हणाली होती, आई, तू सांग ना त्यांना. त्यांनी तांब्या भरून पुढे केला होता.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नंदाला शाळेतून काढलीत तेव्हा मी बोलायला हवं होतं. पोरगी महिनाभर रडत होती. तुम्ही कचेरीत असायचात, तुम्हाला मालूम नाही. मला मालूम आहे."

"त्याचा इथे काय संबंध?" भय्यासाहेब म्हणाले.

"तुम्ही देवासमोर शब्द दिलात. मी तिथेच वात करत बसले होते. रोज त्या देवाला फूल मी वाहते, त्याच्यासमोर उद्या मला उभं राहायचं आहे." त्या भावाकडे वळल्या. "दादा, दिवाळी झाली की दुर्गा शाळेत येईल. कमिटीला सांगून टाका."

"मी नाही म्हटलं आहे, अनसूया!"

"ऐकलं मी."

भय्यासाहेब थांबले. एवढ्या वर्षांच्या सवयीने ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते. तुम्ही म्हणाल तसं, हे वाक्य. ते आलं नाही. दत्तूमामा पानावरून उठले, चूळ भरून आले आणि मेहुण्यांकडे न बघता बहिणीला म्हणाले, "सांगतो."

माणिकआत्या काही बोलायला गेली. अनसूयाबाईंनी तिला मधेच अडवलं. "वन्सं, बंब पाहिजे तर घेऊन जा. माझे गुडघे दुखतात ते खरंच दुखतात."

मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सुनेकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हती.

"आणि तू. सगळ्या घराची वाक्यं केलीस, एकीला तरी विचारायचंस. माझ्या तोंडावर सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

"चुकलं, सासूबाई."

"शाळेत मुलींना हे शिकवशील ना?"

"शिकवावं लागेल. पुस्तकात असतं."

"मग तिथे माझं नाव घालू नकोस," अनसूयाबाई म्हणाल्या. "आजपासून ते खोटं आहे."